शिया-सुन्नी फरक नक्की काय, आणि पंजे बसवणारे आपले लोक त्यात कुठं बसतात?

प्रश्न असा आलाय की शिया आणि सुन्नी यांच्यात नेमका फरक काय, बोहरी, खोजे, सूफी, तबलिगी, वहाबी ही सगळी मंडळी त्यात कुठं येतात, आणि आमच्या तालमीत मोहरमला पंजे (हाताच्या पंजाच्या आकाराची निशाणं) बसतात मग आमच्या पेठेतले मुस्लिम शिया का? विचारणारा लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळं कायद्याच्या अंगानं पण सांगतो. मी कोल्हापुरात वकिली करतो, मुस्लिम वारसा, वाटप, हिबा म्हणजे बक्षीस, तलाक असली कामं बरीच वर्षं केलीत, आणि स्वतः हनफी सुन्नी घरातला आहे, तेव्हा माझं सांगणं कुठून येतंय ते आधीच माहीत असू दे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिलं. नाही. कोल्हापुरातले बहुतेक मुस्लिम सुन्नी आहेत, आणि पंजे बसवणाऱ्यांत तर हिंदू घरं भरपूर आहेत, कित्येक तालमींत पंजा आणि गणपती दोन्ही एकाच मंडळाचे असतात. २०१८ ते २०२० सलग तीन वर्षं मोहरम आणि गणपती एकत्र आले होते तेव्हा एकाच मांडवात दोघं शेजारी शेजारी बसलेले बाबूजमाल तालमीत आणि इतर ठिकाणी लोकांनी बघितलेत. तिकडं कुरुंदवाडला तर मशिदीत गणपती बसतो. हे बघून बाहेरचा माणूस चक्रावतो, पण खत्तलरात्रीला (मोहरमची नववी रात्र) जागणारा, चोंगे वाटणारा, मुलाला फकीर करणारा माणूस शियाच असला पाहिजे असं काही नाही. पैगंबरांचे नातू हुसेन, त्यांच्यावर प्रेम सुन्नी पण करतात. फक्त त्या प्रेमातून पुढं धर्माचा जो सिद्धांत उभा राहतो, तो शियांचा वेगळा आहे, आणि खरा फरक तिथं आहे.

मग पंजे आले कुठून? विजापुरातून, असं माझं मत. पंजाची पाच बोटं म्हणजे पंजतन, पैगंबर, त्यांची मुलगी फातिमा, जावई अली, नातू हसन आणि हुसेन. इराणात १५०१ मध्ये शाह इस्माईलनं सत्तेवर येऊन शिया पंथ राजधर्म केला आणि त्याच्या पाठोपाठ काही वर्षांतच विजापूरच्या युसुफ आदिलशहानं पण शिया खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजातलं प्रवचन, वाचायला लावला. पुढं एक आदिलशहा सुन्नी, नंतरचा परत शिया, असं मागंपुढं होत राहिलं. गोवळकोंड्याचे कुतुबशाह शिया, अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा पण शिया झाला. आपला पन्हाळा, मिरज, हा सगळा पट्टा आदिलशाहीतला. दरबाराचा मोहरम गावागावांत झिरपला, पाटील, गुरव, बलुतेदार सगळ्यांना त्यात मान मिळाले. १६८६ ला औरंगजेबानं विजापूर घेतलं, दरबार संपला, पण गावांनी मोहरम सोडला नाही. लोक सुन्नी किंवा हिंदूच राहिले, रिवाज मात्र राहिला.

आता मूळ भांडण. ६३२ मध्ये मदिनेत पैगंबरांचं निधन झालं तेव्हा देव कोण, कुराण कुठलं, नमाज कुणीकडं तोंड करून पढायची यावर कुणाचाच वाद नव्हता आणि आजही नाही. कुराण एकच, काबा एकच, हज एकच, मक्केत शिया-सुन्नी एकाच गर्दीत फिरतात. वाद एवढाच की आता समाजाचं नेतृत्व कुणाकडं. मदिनेतल्या एका मांडवात, सकीफा म्हणतात त्याला, जमलेल्या लोकांनी पैगंबरांचे जुने साथी अबू बक्र यांच्या हातावर हात ठेवला, म्हणजे त्यांना नेता मानलं. अली, म्हणजे पैगंबरांचे चुलतभाऊ आणि जावई, त्या वेळी मय्यतीच्या तयारीत होते. अलींच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं, पैगंबरांनी हजवरून परतताना गदीर खुम इथं अलींचा हात वर धरून सांगितलं होतं की मी ज्याचा मौला (या शब्दाचा अर्थ मालक पण होतो आणि मित्र पण) त्याचा अली मौला, म्हणजे नेमणूक झालीच होती, निवड करणारे तुम्ही कोण? गंमत बघ, गदीरची ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, सुन्नी पण मानतात. ते फक्त म्हणतात की तिथं अलींवर प्रेम ठेवा, त्यांना आपला माना एवढंच सांगितलं, गादी दिली नाही. म्हणजे कागद दोन्ही पक्षांना मान्य, अर्थ लावण्यावर तंटा. कोर्टात आयुष्य काढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही.

अशी उघड नेमणूक करण्याला नस्स म्हणतात. हा शब्द लक्षात ठेव, तो परत परत येणार आहे.

पुढं अबू बक्र, उमर, उस्मान आणि चौथे अली असे खलिफा झाले. सुन्नी चौघांनाही मानतात, शिया म्हणतात पहिला हक्क अलींचाच होता. अलींच्या काळात मुसलमान-मुसलमानांतच लढाया झाल्या, ६५६ ला जमलची, ६५७ ला सीरियाचा सुभेदार मुआविया याच्याशी सिफ्फीनची. सिफ्फीनला अलींनी लवाद मान्य केला म्हणून त्यांच्याच फौजेतला एक गट फुटला, ते खारिजी, आणि त्यातल्याच एकानं ६६१ मध्ये कुफ्याच्या मशिदीत अलींवर वार केला. ओमानमध्ये आज इबादी म्हणून जे लोक आहेत त्यांचं मूळ खारिजी चळवळीत सापडतं पण ते फार मवाळ निघाले, शियाही नाहीत, सुन्नीही नाहीत.

मग करबला. मुआवियानंतर त्याचा मुलगा यझीद गादीवर आला, हुसेन यांनी त्याची बैअत करायला, म्हणजे निष्ठेची शपथ घ्यायला, नकार दिला, कुफ्याच्या लोकांनी पत्रं पाठवून बोलावलं आणि ऐन वेळी ते फिरले, आणि ६८० मध्ये, हिजरी ६१ च्या मोहरमच्या दहाव्या दिवशी फुरात नदीच्या जवळ, पाणी तोडून, हुसेन आणि त्यांच्या बरोबरचे सुमारे बहात्तर लोक मारले गेले. बहीण झैनब आणि बायका-मुलांना कैद करून दमास्कसला नेलं. मोहरमला आपल्याकडं सरबत वाटतात ते या तहानेची आठवण म्हणून. सुन्नी याला जुलूम मानतात, यझीदची बाजू घेणारा सुन्नी क्वचितच सापडेल. पण शियांसाठी करबला ही नुसती इतिहासातली दुःखाची गोष्ट नाही, तो त्यांच्या धर्माचा कणा आहे. मातम म्हणजे छाती पिटून शोक, मजलिस म्हणजे शोकसभा, नौहा म्हणजे शोकगीत, नमाजात कपाळाखाली करबलेच्या मातीची टिकली ठेवणं, सगळं तिथून येतं.

सिद्धांतातला फरक एका ओळीत सांगायचा तर असा. सुन्नी म्हणतात, पैगंबरांनंतर चुकू न शकणारा माणूस कुणी नाही, कुराण आणि सुन्नत म्हणजे पैगंबरांची रीत आहे, विद्वानांनी मिळून अर्थ लावायचा. शिया म्हणतात, देवानं प्रत्येक काळासाठी अलींच्या वंशातला एक इमाम ठेवलाय, तो मासूम आहे, म्हणजे त्याच्या हातून पाप किंवा चूक होत नाही, आणि तो आधीच्यानं नस्स करून नेमलेला असतो.

आणि एकदा नेमणुकीवर धर्म उभा केला की प्रत्येक नेमणुकीला फाटा फुटायचा धोका आलाच की. तसंच झालं. ७४० मध्ये हुसेन यांचे नातू झैद यांनी कुफ्यात बंड केलं, त्यांना इमाम मानणारे झैदी, येमेनमधले, हौथी त्यातलेच. सहावे इमाम जाफर सादिक ७६५ मध्ये गेले, तेव्हा मोठा मुलगा इस्माईल की धाकटा मूसा काझिम यावर मोठी फूट. मूसाच्या मागं गेलेले बारा इमामवाले, इस्ना अशरी. त्यांचे बारावे इमाम ८७४ पासून लोकांच्या नजरेआड आहेत, परत येणार असं मानतात, तोपर्यंत इराकमधल्या नजफ आणि इराणमधल्या कुमचे मोठे मुजतहिद, म्हणजे धर्मशास्त्राचे विद्वान, मार्गदर्शन करतात. इराण, इराक, आपल्याकडचं लखनौ, हैदराबादचे शिया, हे सगळे हेच. जगातल्या मुसलमानांत सगळे शिया मिळून साधारण दहा ते तेरा टक्के.

इस्माईलच्या मागं गेलेल्यांनी उत्तर आफ्रिकेत फातिमी राज्य उभं केलं, पुढं इजिप्त घेतलं, कैरो शहर त्यांनीच ९६९ मध्ये वसवलं. तिथं १०९४ ला परत गादीचा वाद, निझार की मुस्तअली. निझारवाले म्हणजे आगाखानी खोजे, त्यांचा इमाम हयात आणि समोर असतो. मुस्तअलीवाल्यांतून पुढं बोहरी. बोहऱ्यांचे एकविसावे इमाम तय्यब पडद्याआड गेले, त्यांच्या जागी कारभार दाई, म्हणजे इमामांचा प्रतिनिधी, बघतो. सोळाव्या शतकाच्या शेवटी दाई कोण यावर दाऊदी आणि सुलेमानी बोहरे वेगळे झाले. कोल्हापुरात हार्डवेअर, काच, रंगाच्या दुकानात पांढरी-सोनेरी टोपी घातलेले शेटजी बघतोस ना, ते दाऊदी. त्यांचं मिसरी कॅलेंडर गणितावर चालतं, चंद्र बघायची वाट बघत नाहीत, म्हणून त्यांची ईद आमच्या आधी एक-दोन दिवस होते. मला लहानपणी याचा फार हेवा वाटायचा.

कायद्याच्या विद्यार्थ्यानं इथं दोन खटले वाचावेत, दोन्ही मुंबई हायकोर्टाचे. १८६६ चा आगाखान खटला, त्यात काही खोजांचं म्हणणं आम्ही मूळचे सुन्नी, आगाखानाचा आमच्या जमातीच्या मालमत्तेवर हक्क नाही. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी खोजे शिया इमामी इस्माइली आहेत असा निकाल दिला. म्हणजे एका इंग्रज जज्जानं इस्लामच्या पहिल्या शतकापासूनचा इतिहास तपासून एक जमात कुठल्या पंथाची ते ठरवलं. दुसरा दाऊदी बोहऱ्यांचा. २०१४ मध्ये बावन्नावे दाई सय्यदना बुऱ्हानुद्दीन गेले, मुलगा मुफद्दल सैफुद्दीन गादीवर आले, त्यांच्या चुलत्यांनी म्हणजे दाईंच्या सावत्र भावानं दावा लावला की नस्स माझ्यावर झाली होती. एप्रिल २०२४ मध्ये न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो दावा फेटाळला, आणि मी पुराव्यावर निकाल देतोय, श्रद्धेवर नाही, हे स्पष्ट केलं. नस्स झाली होती का, कुणासमोर झाली, साक्षीदार कोण. १४०० वर्षांपूर्वी गदीरवरून जो प्रश्न पडला तोच फोर्टमधल्या कोर्टात इश्यू नंबर घालून मांडला होता.

आता सुन्नींकडं. इथं गादीचा वाद नाही, पण फिकह म्हणजे आचाराचे नियम, त्यात चार मझहब आहेत. हनफी, मालिकी, शाफई, हंबली. त्या त्या इमामांच्या नावावरून, चौघंही आठव्या-नवव्या शतकातले. चौघं एकमेकांना बरोबर मानतात, हे महत्त्वाचं, एकाच्या मागं दुसऱ्याची नमाज होते. आपल्याकडं घाटाच्या वर हनफी आणि आंबा घाट उतरलास की शाफई, कारण घाटावर इस्लाम आला तो उत्तरेच्या आणि मध्य आशियाच्या सत्तांबरोबर, आणि कोकणात आला समुद्रानं, अरब व्यापाऱ्यांबरोबर. माझी सासुरवाडी रत्नागिरीची, त्यामुळं हा फरक मी ताटात बघितलाय. हनफींत समुद्रातलं फक्त मासा प्रकारातलं चालतं, खेकडा नाही, कोळंबीवर पण उलेमांत एकमत नाही. शाफईंना समुद्रातलं जवळजवळ सगळं हलाल. तर सासूबाई कुर्ल्यांचं कालवण करणार, बायको मुलांना वाढणार, आणि मी बाजूला सुरमई खात बसणार, आणि मेव्हणा दरवेळी तोच जोक मारणार की भाऊजी, घाट उतरून आलेला माणूस हा. तिकडच्या मशिदीत असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान पण आमच्यापेक्षा बरीच लवकर होते, कारण शाफई सावली एकपट झाली की असर धरतात, हनफी दुप्पट झाल्यावर. शाफई फातिहा, म्हणजे कुराणातला पहिला अध्याय, संपली की आमीन मोठ्यानं म्हणतात, रुकूला म्हणजे वाकायला जाताना हात परत उचलतात. लग्नं मात्र सर्रास होतात, आमचं झालंच की.

लग्नावरून आठवलं, इथं कायद्यात फरक पडतो. हनफी सज्ञान मुलगी स्वतःच्या मर्जीनं निकाह करू शकते, शाफईत कुमारी मुलीला वली, म्हणजे बापासारखा पालक, लागतो. १८६४ च्या मुंबई हायकोर्टाच्या निकालात, मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद, शाफई घरातली वयात आलेली मुलगी हनफी झाली आणि बापाच्या संमतीशिवाय तिनं निकाह केला, कोर्टानं तो वैध धरला. परीक्षेत विचारतात हे.

आता कोल्हापुरात ज्याच्यावरून खरी कुरबुर होते ते शिया-सुन्नी नव्हेच. ते आहे सुन्नत जमात आणि तबलिग यांच्यातलं. दोन्हीकडचे सुन्नी, दोन्हीकडचे हनफी, नियमांची पुस्तकं तीच. देवबंदचं दारुल उलूम १८६६ चं, तबलिगी जमात त्याच विचारातून मौलाना इलियास यांनी १९२० च्या दशकात मेवातमध्ये सुरू केली. बरेलीचे अहमद रझा खान, १८५६ ते १९२१, यांना मानणारे बरेलवी, म्हणजे आपल्या भाषेत सुन्नत जमात. दर्ग्यावर चादर, उरूस, मिलाद म्हणजे पैगंबर जयंती, मृतांसाठी फातिहा, उभं राहून सलाम, हे बरेलवींकडं पुण्याचं, देवबंदी-तबलिगींकडं बिदअत, म्हणजे धर्मात नव्यानं घुसवलेलं. मोहरमचे पंजे मात्र दोन्हीकडच्या मौलवींना फारसे पटत नाहीत. ताजियाच्या (ताबुताच्या) मिरवणुकीवर अहमद रझा खान यांनी पण टीका केलीय, हे पंजेवाल्या बरेलवींना सांगितलं की ते विषय बदलतात. अहले हदीस तिसरे, ते चारही मझहबांची तकलीद, म्हणजे एका मझहबाला धरून चालणं, मानत नाहीत, थेट हदीसवर जातात, अरबस्तानातल्या अठराव्या शतकातल्या मुहम्मद बिन अब्दुल वहाब यांच्या विचाराशी त्यांचं जमतं. वहाबी म्हणून आपल्याकडं जो तो ज्याला त्याला शिवीसारखं म्हणतो, त्यावर जाऊ नकोस.

सूफी हा वेगळा पंथ नाही. चिश्ती, कादरी, नक्शबंदी हे सिलसिले सुन्नींतलेच, आतल्या साधनेचे. मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँ साहेबांची कबर आहे, उरुसाला तिथं गाणं होतं. बहुतेक सिलसिले आपली परंपरा अलींपर्यंत नेतात, नक्शबंदी तेवढे अबू बक्रपर्यंत. म्हणून दर्ग्याला जाणाऱ्या आमच्यासारख्या सुन्नी घरांत अली, हुसेन ही नावं इतकी आपली वाटतात. अहमदिया ही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कादियानमध्ये सुरू झालेली जमात, मिर्झा गुलाम अहमद यांना ते नबी म्हणून मानतात, आणि शेवटचा नबी कोण या मुद्द्यावर बाकी शिया-सुन्नी दोघंही त्यांना मुसलमान मानत नाहीत, ते स्वतः मात्र मुसलमानच म्हणवतात.

नमाजात डोळ्यांना दिसणारा फरक पाहिजे तर ईदला मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर नुसते हात बघ. बहुतेकांनी नाभीखाली बांधलेले, ते हनफी. छातीवर असतील तर बहुधा अहले हदीस. शिया हात मोकळे सोडतात, पण मोकळे हात दिसले म्हणजे शियाच असं नाही, आफ्रिकेतले मालिकी पण सोडतात. शिया पाच नमाजा तीन वेळांत एकत्र करून पढतात, अजानमध्ये अलींचं नाव घेतात, रमजानात इफ्तारला दहा-पंधरा मिनिटं थांबतात, पूर्वेची लाली जाईपर्यंत, आणि तरावीह, म्हणजे रमजानातली रात्रीची जादा नमाज, जमातीनं पढत नाहीत.

आणि आता माझं रोजचं काम, वारसा. इथं पंथ कुठला यावर घर कुणाच्या नावावर होणार ते ठरतं. समज एक माणूस वारला, मागं बायको, एकुलती एक मुलगी आणि सख्खा भाऊ. हनफी असेल तर बायकोला एक अष्टमांश, मुलीला अर्धा, उरलेले तीन अष्टमांश भावाला. इस्ना अशरी शिया असेल तर बायकोला तोच एक अष्टमांश आणि बाकी सातही अष्टमांश मुलीला, भावाला शून्य. कारण शियांच्या हिशोबात जवळचं नातं लांबच्याला बाहेर ठेवतं, मग ती बाई असो की पुरुष. आणि यामागं पण फातिमा आहेत असं बरेच अभ्यासक मानतात, पैगंबरांना मुलगा राहिला नव्हता, वंश मुलीकडून चालला, मग मुलीचा हक्क कमी कसा धरणार? पण लगेच शिया कायदा बायकांच्या बाजूचा आहे म्हणून उडी मारू नकोस, त्यांच्यात मूल नसलेल्या विधवेला नवऱ्याच्या जमिनीत वाटा नाही, फक्त बांधकामाच्या किमतीत आहे. मृत्युपत्र दोन्हीकडं एक तृतीयांशापर्यंत, पण सुन्नीत वारसालाच द्यायचं असेल तर बाकी वारसांची संमती लागते, शियांत त्या एक तृतीयांशात लागत नाही. निकाहाला सुन्नींत दोन साक्षीदार पाहिजेत, शियांत निकाहाला नसले तरी चालतं पण तलाकला दोन पाहिजेतच. त्यामुळं एका दमात तीन तलाक शियांत कधीच चालत नव्हता, सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये तो रद्द केला आणि २०१९ ला कायदा आला तो मुख्यतः हनफी प्रथेवर.

कोर्ट गृहीत धरतं की मुसलमान पक्षकार सुन्नी आणि तोही हनफी, दुसरं काही असेल तर ज्यानं म्हणायचं त्यानं सिद्ध करायचं. म्हणून उद्या बावड्याच्या कोर्टात मुस्लिम वारशाचं काम हातात आलं तर दावा लिहायच्या आधी पक्षकाराला नुसतं शिया की सुन्नी असं विचारू नकोस, कित्येकांना ते नीट सांगता येत नाही. निकाह कुणी लावला, मय्यतीची नमाज कुणी पढवली, दफन कुठल्या कब्रस्तानात, आणि मूळ गाव घाटाच्या वर की खाली, हे विचार.